लस घेतली आणि मूल झालं नाही

मागच्या वर्षी नाशिकमध्येच हिरावाडीत एका डोहाळजेवणाला गेले होते. जावं की नाही यावर दोन दिवस घालवले आणि शेवटी गेले, कारण न गेलं की त्याचाही अर्थ काढतात. ओटीची ताटं घेऊन आतल्या बाजूला उभी होते, पडद्यापलीकडे दोघीजणी बोलत होत्या आणि त्यातली एक म्हणाली, "लस घेतली ना तिने, म्हणून तर राहिलेलं गेलं." दुसरीने विचारलं, "कोण गं?" पहिलीने माझ्या सासरचं आडनाव सांगितलं.

मी ताटं नीट खाली ठेवली. बाहेर येऊन ओटी भरली, फोटो काढला, जेवले, घरी आले. इंदिरानगरला येईपर्यंत नवऱ्याशी एक शब्द बोलले नाही आणि त्यानेही विचारलं नाही, त्याला वाटलं असेल की अशा कार्यक्रमांनंतर ही अशीच असते.

ती म्हणाली त्यात दोन गोष्टी खऱ्याच आहेत. मी कोविडची लस घेतली, दोन्ही डोस. आणि माझं राहिलेलं गेलं, नंतर परत राहिलं नाही. ह्या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की मधला "म्हणून" आपोआप येतो. त्या एका "म्हणून"साठी मी हे लिहितेय. कारण ते वाक्य तिथेच थांबत नाही ना, ते पुढे कुणाच्या तरी सुनेपर्यंत जातं, जिची मूल व्हावं म्हणून ट्रीटमेंट चालू आहे, आणि ती माझ्यासारखीच थांबते. मी थांबले होते. त्याचीच सगळी गोष्ट आहे.

सुरुवात २०१९ची. लग्नाला सात वर्षं झालेली, गंगापूर रोडवरच्या एका क्लिनिकमध्ये फाइल उघडली. पहिल्याच दिवशी रक्ताच्या नळ्या भरून घेतल्या, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, थायरॉइड, एएमएच (अंडी किती उरलीत त्याचा अंदाज) आणि रुबेला आयजीजी (रुबेलाच्या अँटीबॉडीची तपासणी). रुबेला म्हणजे काय हेच मला माहीत नव्हतं. रिपोर्टमध्ये अँटीबॉडी नाहीत असं आलं, म्हणजे मला लहानपणी तो आजारही झाला नव्हता आणि लसही मिळाली नव्हती. आपल्या वयाच्या बऱ्याच बायकांना ती लस मिळालेलीच नाही, कारण राज्यात शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची मोठी मोहीम झाली तीच मुळी २०१८च्या नोव्हेंबरमध्ये आणि ती ९ महिने ते १५ वर्षांच्या मुलांसाठी होती. डॉक्टर म्हणाल्या एमएमआर, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेलाची लस घ्या आणि एक महिना ट्रीटमेंट बंद, ह्या महिन्यात दिवस राहायला नकोत.

कारण त्यांनी नीट समजावलं. एमएमआरमधले विषाणू जिवंत असतात, दुबळे केलेले पण जिवंत, म्हणून खबरदारी. आणि ही लस का, तर गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत रुबेला झाला तर बाळाच्या डोळ्यांना, कानांना, हृदयाला इजा होण्याची भीती खूप मोठी. हे पहिल्यांदा लक्षात आलं १९४१ साली ऑस्ट्रेलियात, नॉर्मन ग्रेग नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना. त्यांच्याकडे मोतीबिंदू घेऊन जन्मलेली बाळं एकामागून एक यायला लागली आणि त्यांच्या आयांना गरोदरपणात रुबेला होऊन गेला होता. नंतर मी हे वाचलं तेव्हा त्या आयांचाच विचार करत बसले. अंगावर थोडं पुरळ, जरा ताप, दोन दिवसांत बऱ्या झाल्या असतील, कामाला लागल्या असतील.

तर ती लस मी घेतली, महिनाभर थांबले आणि कोणी काहीही बोललं नाही. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या बरं केलंस. कुठला फॉरवर्ड नाही, कोणा मावशीचा फोन नाही. ज्या लसीनंतर डॉक्टर स्वतःच थांबायला सांगतात तिची कोणालाच भीती वाटली नाही, आणि दोन वर्षांनी ज्या लसीसाठी थांबायची गरजच नव्हती तिच्यासाठी मी चार महिने घालवले.

मधल्या काळात तीन आययूआय (स्पर्म थेट गर्भाशयात सोडतात ते) झाले, मग लॉकडाऊन, मग क्लिनिक बंद, उघडलं तेव्हा मी पस्तिशी ओलांडलेली. डिसेंबर २०२० मध्ये पहिलं आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीची ट्रीटमेंट. ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. पाळीच्या दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी, मग रोज ठरलेल्या वेळी पोटात इंजेक्शन, दर दोन-तीन दिवसांनी फॉलिकल, म्हणजे अंड्यांच्या पिशव्या, किती वाढले ते बघायचं, दहा-बारा दिवसांनी ट्रिगर, म्हणजे अंडी पक्व करणारं इंजेक्शन, त्यानंतर साधारण छत्तीस तासांनी भूल देऊन एग पिकअप, म्हणजे अंडी बाहेर काढणं. माझी पाच अंडी मिळाली, त्यातून तीन एम्ब्रियो, म्हणजे गर्भ. दोन आत सोडले, तिसरा फ्रीज करण्याइतका टिकला नाही. चौदा दिवसांनी बीटा, म्हणजे दिवस राहिले का ते सांगणारी रक्ततपासणी, रिपोर्ट मोबाइलवर आला तेव्हा मी भाजी निवडत होते. निगेटिव्ह.

ही तारीख लक्षात ठेवा प्लीज. डिसेंबर २०२०. देशात लसीकरण सुरू झालं १६ जानेवारी २०२१ला, आणि तेही फक्त डॉक्टर-नर्स आणि सफाई कर्मचाऱ्यांसारख्या लोकांसाठी. माझं पहिलं अपयश लसीच्या आधीचं आहे. ते कुणाच्याच गोष्टीत येत नाही.

मग दुसरी लाट. नाशिकमध्ये ते दिवस कसे होते ते इथल्या माणसाला सांगायची गरज नाही. एप्रिलमध्ये नवऱ्याला कोविड झाला, अंबडच्या कंपनीतून अर्धी शिफ्ट आजारी होती. २१ तारखेला आपल्या शहरातल्या हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून माणसं गेली, तेव्हा हा घरात वेगळ्या खोलीत होता आणि मी दाराबाहेर ऑक्सिमीटर घेऊन बसले होते. तो वाचला. १ मे पासून अठरा वर्षांच्या वरच्यांना लस सुरू झाली आणि कोविनवर स्लॉट उघडले की दोन मिनिटांत संपायचे. शहरात मिळेना म्हणून त्र्यंबकच्या बाजूच्या एका आरोग्य केंद्राचा स्लॉट मिळाला आणि भर उन्हात स्कूटरवर गेलो. रांगेत नंबर आला. सिस्टरने विचारलं प्रेग्नंट आहात का, म्हटलं नाही, पण ट्रीटमेंट चालू आहे. त्या थांबल्या. मागे एवढी गर्दी आणि तरी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "ताई, मग डॉक्टरांना विचारून या ना, उगाच नको."

त्यांचं काय चुकलं? काहीच नाही. तेव्हा नियमच असा होता की गरोदर बायकांना लस नाही, कारण लसीच्या चाचण्यांमध्ये गरोदर बायका घेतल्याच नव्हत्या. स्तनपान करणाऱ्यांना १९ मे रोजी परवानगी मिळाली, गरोदर बायकांना २ जुलैला. आणि आम्ही? आम्ही गरोदर नाही, पण उद्या असू शकतो, त्यासाठीच तर सगळा खर्च आणि सगळी इंजेक्शनं चालू आहेत. केंद्राच्या भिंतीवरच्या पोस्टरवर आमच्यासाठी एक ओळ नव्हती. मी माझ्या क्लिनिकमध्ये फोन केला तर तिथूनही "आत्ता थांबा, बघू" एवढंच. ज्या प्रश्नाचं उत्तर कोणी देत नाही तिथे व्हॉट्सअॅप येऊन बसतं. लसीने मूल होत नाही असं सांगणारा तो फॉरवर्ड मला एका दिवसात चार ग्रुपवर आला, त्यात "सिन्सिटिन" असा शब्द होता, शास्त्रज्ञांचा हवाला होता, आणि खाली हात जोडलेले.

त्यामागची गोष्ट मला फार उशिरा कळली. डिसेंबर २०२०मध्ये युरोपातल्या औषध नियामक संस्थेकडे दोघांनी एक अर्ज केला होता, त्यात शंका अशी की कोरोनाच्या विषाणूवरच्या काट्यांचं, म्हणजे स्पाइक प्रोटीनचं, गर्भाला पोसणारी वार तयार होताना लागणाऱ्या सिन्सिटिन-१ ह्या प्रोटीनशी थोडं साम्य आहे, मग लसीने तयार झालेल्या अँटीबॉडी वारेवरच हल्ला करतील का. नुसती शंका. पण फेसबुकवर येईपर्यंत तिचं "लस म्हणजे नसबंदी" झालेलं. साम्य इतकं किरकोळ आहे की त्याने अँटीबॉडी फसत नाहीत. आणि जरा विचार केला तर कळतं की स्पाइक फक्त लसीतून येत नाही, खऱ्या कोविडमध्ये तर तोच विषाणू अंगभर असतो. मग ज्या लाखो बायकांना कोविड होऊन गेला त्यांना दिवस राहायला नको होते. अमेरिकेतल्या एका डॉक्टरांनी नेमकं हेच तपासलं, फ्रोझन एम्ब्रियोच्या १४३ ट्रान्सफरमध्ये लस घेतलेल्या, कोविड होऊन गेलेल्या आणि दोन्ही नसलेल्या अशा तीन गटांची तुलना केली. गर्भ रुजण्याच्या प्रमाणात फरक नाही. हे २०२१ मध्येच छापून आलं होतं. माझ्या कुठल्याच ग्रुपवर आलं नाही.

पण मला थांबवलं ते फॉरवर्डने नाही, माझ्या आईने.

आई निफाड तालुक्यात अंगणवाडी सेविका होती. १९९५ला पल्स पोलिओ सुरू झाला तेव्हापासून ती त्यात. रविवारी पहाटे निळा बॉक्स खांद्याला, बर्फाच्या पॅकमध्ये डोस, दुपारपर्यंत बूथ आणि नंतरचे दिवस घरोघर. पोरांच्या करंगळीला मार्करची खूण आणि घराच्या दाराशी खडूने खूण, कोण घेतलं कोण राहिलं. काही घरांतून ऐकायला मिळायचं की ह्या थेंबांनी पुढे पोरं होत नाहीत, सरकारची नसबंदीची युक्ती आहे. आणीबाणीतली जबरदस्ती लोक विसरले नव्हते, त्यामुळे ती भीती आकाशातून पडलेली नव्हती. आई वाद नाही घालायची. ओट्यावर बसायची, पाणी मागायची, आणि सांगायची की माझ्या लेकीला मी स्वतः पाजलंय. ती लेक मी. २०११च्या जानेवारीत देशातला नैसर्गिक विषाणूच्या पोलिओचा शेवटचा पेशंट सापडला, त्यानंतर तसा नाही, आणि आई अजून त्याबद्दल अशी बोलते की जणू तिच्याच बॉक्समधून ते झालं.

तीच आई मला फोनवर म्हणाली, "थांब गं जरा. एवढं सगळं केलंयस, आता उगाच रिस्क नको." मी म्हटलं आई तू असं म्हणतेस? ती गप्प झाली. मग म्हणाली, "दुसऱ्याच्या दारात जाणं सोपं होतं."

म्हणून मी थांबले. मे, जून, जुलै, ऑगस्ट. लस नाही आणि ट्रीटमेंट पण नाही, कारण लस न घेता गरोदर राहायचीही भीती आणि लस घेऊन ट्रीटमेंट करायचीही भीती. दोन्हीकडून दार लावून मी मधल्या खोलीत बसले. सप्तशृंगीचा गड बंद होता, नाहीतर सासूबाईंनी वणीला नेलं असतं. घरातल्या कॅलेंडरवर चार वेळा लाल गोल केला, पाळी आली म्हणून.

सप्टेंबरमध्ये दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. एएमएच आधी १.६ होतं ते १.१ आलं. त्यांनी आधी पाणी दिलं आणि मग विचारलं, लस झाली का. माझं सगळं ऐकून घेतलं आणि एकदाही "शिकलेल्या आहात ना तुम्ही" असं म्हणाल्या नाहीत, त्यासाठी मी त्यांची कायम ऋणी आहे. त्यांनी सांगितलं ते जमेल तसं इथे लिहिते, कारण मला हे मे महिन्यात कोणीतरी सांगायला हवं होतं.

कोव्हॅक्सिनमध्ये मारलेला विषाणू आहे. कोविशील्डमध्ये वाहक विषाणू आहे पण तो शरीरात वाढू शकत नाही असा केलेला. एमएमआरसारखं जिवंत काही नाही, म्हणून महिनाभर थांबायचं कारण नाही. फक्त पिकअप किंवा ट्रान्सफरच्या अगदी तोंडावर डोस घेऊ नका, कारण लसीचा ताप आला तर तो लसीचा की इन्फेक्शनचा हे आम्हाला कळणार नाही. बास, एवढीच अट. आणि मग त्यांनी मला उलटा प्रश्न विचारला, की समजा मी तुम्हाला गरोदर केलं आणि चौथ्या महिन्यात कोविड झाला तर? दुसऱ्या लाटेत आजाराची लक्षणं असलेल्या गरोदर बायकांचं प्रमाण पहिल्या लाटेच्या साधारण दुप्पट होतं, हे आयसीएमआर ह्या सरकारी संशोधन संस्थेनेच जूनमध्ये सांगितलं होतं. गरोदरपणात कोविड झाला की आयसीयूची, वेळेआधी बाळंत होण्याची शक्यता वाढते. मी चार महिने फक्त लसीची रिस्क मोजत होते. ह्या बाजूचं काहीच मोजलं नव्हतं.

मी पाळीचंही विचारलं, कारण बहिणीची पाळी डोसनंतर लांबली होती आणि ऑफिसातल्या दोघींचीही. त्या म्हणाल्या असं होतंय, बायका खरं सांगतायत, पण एखाद-दुसऱ्या महिन्यात जागेवर येते. पुढे २०२२ मध्ये अमेरिकेतल्या जवळजवळ चार हजार बायकांच्या नोंदींचा अभ्यास आला, त्यात चक्र सरासरी एका दिवसापेक्षाही कमी लांबलं होतं. मला राग ह्याचा येतो की लसीच्या मोठ्या चाचण्यांमध्ये पाळीबद्दल विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर पहिल्याच महिन्यात सांगता आलं असतं की एखादा दिवस इकडेतिकडे होईल, घाबरू नका. ज्यांची रोजची सोनोग्राफी पाळीच्या तारखेवर ठरते त्यांना एक दिवस म्हणजे काय असतं.

नवऱ्याचंही त्यांनी सांगितलं, की लसीने स्पर्म कमी होत नाही पण कोविडच्या तापाने काही काळ होऊ शकतं, स्पर्म तयार व्हायला अडीच महिने लागतात, एप्रिल होऊन गेलाय, आता काळजी नको.

पहिला डोस सप्टेंबरमध्येच घेतला. रात्री ताप आला, सकाळी गेला. नोव्हेंबरमध्ये पिकअप, तीन अंडी, दोन एम्ब्रियो, दोन्ही फ्रीज. डिसेंबरमध्ये चौऱ्याऐंशी दिवस झाल्यावर दुसरा डोस. जानेवारी २०२२ला ट्रान्सफर. बीटा पॉझिटिव्ह आला.

आई निफाडहून आली, कोणाला सांगायचं नाही म्हणून ठरवलं आणि सगळ्यांना कळलं. सातव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत सॅक, म्हणजे गर्भाची पिशवी दिसली, ठोके नाहीत. एक आठवड्याने परत बघितलं, नाहीत. त्याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही.

त्या रात्री मी पण तेच म्हटलं जे हिरावाडीत ती बाई म्हणाली. मोठ्याने म्हटलं, नवऱ्यासमोर, की मी लस घ्यायला नको होती. हे लपवायचं नाहीये मला. दुःखाला कारण लागतं, आणि कारण जितकं आपल्या हातातलं तितकं ते बरं वाटतं, कारण मग असं वाटतं की वेगळं वागलो असतो तर वाचलं असतं. डॉक्टरांनी सांगितलं की पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ जातात त्यातल्या साधारण निम्म्यांमध्ये गुणसूत्रांचीच गडबड असते, आणि वय वाढतं तशी ती वाढते. त्यांनी डिसेंबर २०२०चा कागद काढून माझ्यासमोर ठेवला. तेव्हा कुठली लस होती?

त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या एका सेंटरचा अभ्यास आला होता, लस घेतलेल्या २२२ आणि न घेतलेल्या ९८३ बायकांच्या पिकअपची तुलना, शिवाय शेकडो फ्रोझन ट्रान्सफर. अंड्यांत, गर्भधारणेत, गर्भ जाण्यात, कशातच फरक नव्हता. त्या लसी आपल्या नव्हेत, एमआरएनए ह्या वेगळ्या प्रकारच्या होत्या, म्हणून मी आपल्या लसीचंही शोधलं. कोविशील्ड म्हणजे ऑक्सफर्डची लस, तिच्या चाचण्यांमध्ये ब्रिटन, ब्राझील, दक्षिण आफ्रिकेतल्या ज्या बायकांना मधेच दिवस राहिले त्यांची माहिती २०२१ मध्ये लॅन्सेटमध्ये आली, ही लस मिळालेल्यांत आणि तुलनेसाठी वेगळंच इंजेक्शन मिळालेल्यांत दिवस राहण्यात फरक नाही, गर्भ जाण्यातही नाही. मी ते रात्री दीड वाजता वाचलं आणि रडले, कारण आता धरायला काहीच उरलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये उरलेला एक एम्ब्रियो सोडला. निगेटिव्ह. २०२३मध्ये आम्ही थांबलो, पैसे संपले होते आणि माझं अंगही. त्या चार महिन्यांनी माझं काय नेलं? कदाचित काहीच नाही. कदाचित एखादं अंडं. कोणीच सांगू शकत नाही, आणि मला त्या उत्तराशिवाय राहायचंय. पण थांबण्याबद्दल कुणी मला विचारत नाही, सगळे लस घेतल्याबद्दलच बोलतात.

गेल्या महिन्यात वहिनीचा फोन आला. भाची बारा वर्षांची झालीय, तिच्या डॉक्टरांनी एचपीव्हीची लस सांगितलीय, गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची, आपल्या पुण्यातच बनते ती. पंधराच्या आत दोन डोस पुरतात. वहिनी बराच वेळ भलतंच बोलत राहिली, द्राक्षाचे भाव, कुंभमेळ्याचे रस्ते, आणि मग म्हणाली, "ताई, रागावू नका, पण पुढे तिला... म्हणजे मूल व्हायला काही अडचण नाही ना येणार? तुमचं तसं झालं म्हणून विचारते."

म्हणजे तिच्यापर्यंतही ते पोचलं होतं. मला राग नाही आला. मी म्हटलं, मी येते बरोबर. आणि फोनवरच सांगितलं की हा कॅन्सर झाला तर उपचारात कित्येकदा गर्भाशयच काढावं लागतं, मूल न होण्याची खरी भीती तिकडे आहे, लसीत नाही.

कॉलेज रोडला क्लिनिकमध्ये भाची मधे बसली आणि आम्ही दोघी दोन्हीकडे. तिने विचारलं, "आत्या, दुखतं का गं? तुला माहितीये ना, तुझ्या फ्रिजमध्ये असायची इंजेक्शनं." मी म्हटलं दंडातलं कमी दुखतं. तिने माझा हात धरला, दंडावर कापूस दाबला, झालं. चक्कर येऊ शकते म्हणून पंधरा मिनिटं बसायला सांगितलं, दुसऱ्या डोसची सहा महिन्यांनंतरची तारीख कार्डावर लिहून दिली, ती मी माझ्या मोबाइलमध्येही टाकली, सवयच आहे. भाची गेम खेळायला लागली. वहिनी माझ्याकडे सरकून हळूच म्हणाली, "ताई, नक्की काय झालं होतं ते सांगाल का? मी कधी विचारलंच नाही."

पंधरा मिनिटं होती. मी रुबेलापासून सुरुवात केली.